होबी १६ गोव्याच्या पाण्यात: डोलकाठी चढवताना आणि बोट उलटल्यावर कशी वागते

निकाल आधीच सांगून टाकतो. वाळूवरून सोडायची आणि वाळूवरच परत आणायची शिडाची बोट हवी असेल, तर गोव्यासाठी होबी १६ ला तोड नाही. पण ती दोघांची बोट आहे आणि त्या दोघांचं मिळून वजन १३०-१३५ किलोच्या घरात हवं. शोरूममधला विक्रेता वेगाबद्दल भरभरून बोलतो. ही बोट आपल्याला झेपेल की नाही, हे मात्र दोनच गोष्टींवर ठरतं: आठ मीटरची डोलकाठी कोण चढवणार, आणि भर पाण्यात उलटलेली बोट कोण सरळ करणार. ही परीक्षणवजा पारख त्या दोन गोष्टींपुरतीच आहे.

आधी मोजमापं. कॅलिफोर्नियात सर्फबोर्ड बनवणाऱ्या होबी ऑल्टरने १९७० च्या सुमारास ही बोट बाजारात आणली. तेव्हापासून एक लाखाहून जास्त बोटी तयार झाल्या आणि मूळ आराखडा जवळपास तोच राहिला. लांबी ५.०५ मीटर, रुंदी २.४१ मीटर, वजन १४५ किलो, डोलकाठी ८.०८ मीटर, दोन्ही शिडं मिळून सुमारे २० चौरस मीटर. दोन निमुळते हल, म्हणजे बोटीची तरंगणारी अंगं, त्यांना जोडणाऱ्या आडव्या नळ्या आणि मध्ये ताणलेलं ट्रॅम्पोलिन, म्हणजे बसायचं कापड; अशा जोडहलांच्या बोटीला कॅटॅमरान म्हणतात. खाली सरकवायची फळी नाही. हलची बाहेरची बाजू सपाट आणि आतली फुगीर असल्यामुळे वाऱ्याच्या विरुद्ध चढायचं काम हलच करतात. सुकाणू वाळूला टेकलं की आपोआप वर उचललं जातं. कळंगुट असो, मोरजी असो की कोलवा, पायाचे घोटे बुडतील एवढ्या पाण्यातून ती निघते, ती यामुळेच.

याच आराखड्याची दुसरी बाजू म्हणजे नाळ, हलचं पुढचं टोक. ती बारीक आहे, तिच्यात तरंगायला पुरेसा फुगीरपणा नाही. वाऱ्याला पाठ देऊन जोरात जाताना खालच्या बाजूच्या हलची नाळ पाण्यात घुसते, बोट गचकन थांबते आणि मागचा भाग नाळेवरून पुढे उलटतो. होबी १६ आडवी होण्यापेक्षा अशी तोंडावर पडण्यासाठीच जास्त कुप्रसिद्ध आहे. म्हणजे उलटणं हा इथे अपघात मानायचाच नाही; ते या बोटीच्या वापराचा भाग आहे.

आता डोलकाठी. तारांसकट तिचं वजन वीस किलोच्या आगेमागे. ऐकायला किरकोळ वाटतं. तांदळाची बारकी गोणही त्याहून जड असते. पण हे वजन बुडापासून चार मीटरवर एकवटल्यासारखं वागतं, आणि तुम्ही तिला धरता ती बुडापासून दीड-दोन मीटरवर. त्यामुळे अर्ध्या वाटेत हातांवर येणारा भार दुपटीहून जास्त होतो, शिवाय काठी डाव्या-उजव्या बाजूला झुकायला बघत असते. दुखापती होतात त्या या मधल्या टप्प्यात.

सुरुवात वर बघून करायची. होबीच्या काही मॉडेलांवर डोलकाठीचा शेंडा फायबरचा असतो आणि खालचा भाग अॅल्युमिनियमचा. इतर बोटींवर पूर्ण काठीच अॅल्युमिनियमची. फायबरचा शेंडा विजेच्या तारेपासून बचाव व्हावा म्हणूनच आला. पण त्याच्यावर विसंबू नका. बाजूच्या तारा स्टीलच्या आहेत, ओली दोरीही वीज वाहून नेते. रस्ता ओलांडणाऱ्या कमी दाबाच्या तारेची नियमानुसार किमान उंची ५.८ मीटर आणि उच्च दाबाच्या तारेची ६.१ मीटर. ट्रॉलीवरच्या होबीच्या काठीचं टोक जमिनीपासून नऊ मीटरच्या आसपास जातं. दोना पावलाच्या बाजूला किंवा उत्तरेकडच्या शॅकांच्या मागे रस्त्यालगत काठी चढवून मग बोट ढकलत किनाऱ्यावर नेणं हा वेडेपणा आहे. काठी वाळूवरच चढवायची, आणि माडांपासूनही लांब. चुडतात अडकलेली तार काठीला भलत्याच बाजूला खेचते, आणि वरून नारळ पडतो तो वेगळाच.

दिशा कोणती? आडवा वारा सगळ्यात वाईट. मागून येणारी मंद झुळूक मदत करते, कारण उभी राहिलेली काठी ती पुढच्या बाजूला रेटते आणि बाजूच्या तारा तिला तोलून धरतात. पश्चिमेकडे तोंड असलेल्या आपल्या किनाऱ्यांवर सकाळी जमिनीकडून मतलई वारे येतात. तेव्हा नाळ समुद्राकडे करून बोट ठेवली की वारा आपोआप पाठीशी मिळतो. दुपारी खारे वारे सुटल्यावर हेच काम करायला गेलात तर काठी तुमच्याच अंगावर येईल. दुपारी बोट चालवणार असाल तरी काठी सकाळीच चढवून ठेवा. शिडं नंतर, नाळ वाऱ्याकडे वळवून.

बोट ट्रॉलीवरून उतरवा. ट्रॅम्पोलिनच्या मागच्या कडेला माणूस उभा राहिला की ट्रॉलीवरची बोट सी-सॉसारखी मागे कलते, आणि ती नेमकी काठी अर्ध्यावर असतानाच. दोन्ही हल वाळूत सपाट बसले पाहिजेत.

काठी बोटीवर शेंडा मागे करून, शिडाची खाच खाली करून ठेवायची. खाच वर राहिली तर काठी उलटी आहे, उभी केल्यावर मोठं शीड चढणारच नाही. बाजूच्या दोन्ही तारा हलवरच्या भोकपट्टीला आधीच जोडायच्या, वरच्या भोकात म्हणजे थोड्या सैल. पुढची तार मोकळी, पण तिला तीन-चार मीटरची दोरी बांधून नाळेकडे टाकून ठेवलेली. ट्रॅपीझच्या तारा (ज्यांना लटकून बोटीबाहेर झुकतात), हॅलियार्डच्या म्हणजे शिडं वर चढवायच्या दोऱ्या हे सगळं काठीला दोन ठिकाणी बांधून टाका. मग दोघांनी बोटीभोवती एक फेरी मारायची, हाताने तार चाचपत. श्राउड, म्हणजे बाजूची तार, हमखास अडकते ती सुकाण्याच्या मागच्या भागात किंवा टिलरच्या म्हणजे सुकाणू वळवायच्या आडव्या दांड्याखाली. काठी ६० अंशांवर असताना हे लक्षात आलं तर ती खाली घेण्यावाचून इलाज नसतो.

आता बिजागरी. काठीचं बूड आणि पुढच्या नळीवरची खोबण यांना जोडणारी एक छोटी कडी व पिन असते. चढवताना बूड मागे-पुढे घसरू नये म्हणून ती. जुन्या बोटी विकत घेताना हीच कडी गायब असते, आणि "तिच्याशिवायही चढते हो" असं सांगितलं जातं. चढते खरी, जोपर्यंत बूड खोबणीतून निसटून ट्रॅम्पोलिन फाडत नाही तोपर्यंत. बिजागरीशिवाय काठी चढवू नका. ती नसलेल्या बोटीची किंमत त्या हिशेबाने पाडून मागा.

उचलताना पहिला माणूस ट्रॅम्पोलिनवर, दुसरा जमिनीवर शेंड्याच्या बाजूला. जमिनीवरचा काठी डोक्यावर घेऊन पुढे चालत येतो, ट्रॅम्पोलिनवरचा ती खांद्यावर घेतो आणि हात बदलत पुढे सरकतो. काठी ४५ अंशांवर गेली की जमिनीवरचा पळत नाळेकडे जाऊन पुढच्या तारेची दोरी ओढायला लागतो. तिसरा माणूस मिळाला तर त्याला सुरुवातीपासून दोरीवरच उभं करा. काम निम्म्याने हलकं होतं. ट्रॅम्पोलिनवरच्याने मधोमध राहायचं, पाय रुंद, पायाला वाळू चिकटलेली नको. काठी बाजूला झुकायला लागली आणि दोन सेकंदांत सावरली नाही, तर हट्ट सोडून मागे खाली घ्यायची. श्राउड सैल असतात तेव्हा त्या बाजूला पडणारी काठी कुणालाच तोलता येत नाही. बोटीच्या मागे, काठीच्या रेषेत कुणी बघ्या उभा नको. सुट्टीच्या दिवशी बागा किनाऱ्यावर हे जमवणं काठी चढवण्याहून अवघड!

उभी झाली की ट्रॅम्पोलिनवरचा काठी पुढे रेटून धरतो. श्राउड ताठ होतात. नाळेकडचा पुढची तार ब्रायडलच्या (दोन्ही हलांवरून येऊन जुळणाऱ्या तारांच्या) जोडपट्टीला लावतो: क्लेविस पिन, म्हणजे तार अडकवणारी खीळ, घालायची, पिनीत रिंग घालायची, मग मोठ्याने "रिंग बसली" म्हणायचं. त्याआधी काठीवरचा हात सोडायचा नाही. रिंग बसल्यावर बिजागरीची पिन काढून घ्यायची. हे विसरणारे खूप आहेत. होबीची काठी शिडाबरोबर गोल फिरते. बिजागरी तशीच राहिली तर पहिल्याच वळणात ती बुडाच्या कास्टिंगला (ओतीव भागाला) पिळते आणि कास्टिंगला चीर जाते. खोबणीतली पांढरी चकती जागेवर आहे ना तेही बघा. ती नसेल तर काठी करकरत फिरते आणि अॅल्युमिनियम घासून जातं.

पुढची तार शीड चढल्यावर ढिली पडते, याची नवख्यांना भीती वाटते. ते बरोबरच आहे. होबी १६ मध्ये ताण जिबच्या, म्हणजे पुढच्या छोट्या शिडाच्या, कडेत शिवलेल्या तारेवर आणि जिब हॅलियार्डवर येतो. पुढची तार फक्त जिब खाली असताना काठी धरून ठेवते. म्हणूनच जिब उतरवण्याआधी तिची पिन आणि रिंग तपासायची.

एकट्याने चढवायची असेल तर सुमारे दोन-सव्वादोन मीटरचा एक दांडा हवा, जो काठीच्या बुडाशी काटकोनात पुढे उभा राहतो, आणि पुढची तार त्याच्या टोकावरून जाते. मेनशीटच्या (मोठं शीड ओढायच्या दोरीच्या) सहापट जोर देणाऱ्या कप्प्या लावून ती ओढायची. दांडा नसेल तर दोरीची ओढ जवळपास काठीच्या रेषेतच पडते आणि सगळा जोर काठीला बुडात दाबण्यात वाया जातो. शिवाय काठीला आणि दांड्याला, दोघांनाही डावीकडे-उजवीकडे धरणाऱ्या बाजूच्या दोऱ्या लागतात. ही सगळी जुळवाजुळव ट्रेलरच्या विंचवर छान चालते. किनाऱ्यावर दुसरा माणूस शोधणं त्याहून स्वस्त पडतं.

तारांबद्दल आमचं मत कडक आहे. स्टेनलेस म्हणजे न गंजणारं हा समज गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत टिकत नाही. तार तुटते ती नेहमी दाबून बसवलेल्या टोकाच्या अगदी कडेला, जिथे मीठ आत साचून राहतं. कापडाचा बोळा घेऊन तारेवरून सरकवा. कुठे धागा ओढला गेला तर एक पीळ तुटलाय, आणि ती तार त्याच दिवशी बदलायची. बोट रोज वापरात असेल तर दर दोन-तीन हंगामांनी काठीला धरणाऱ्या सगळ्याच तारा बदला, दिसायला चांगल्या असल्या तरी. श्राउड तुटून काठी पडते तेव्हा ट्रॅपीझला लटकलेला माणूस सगळ्यात आधी जातो. रिंगांवर चिकटपट्टी गुंडाळायची; नाहीतर जिबची दोरी रिंगेत अडकून ती उघडून काढते.

आता उलटलेल्या बोटीकडे. आडवी पडलेली कॅटॅमरान म्हणजे एक हल पाण्यात, दुसरा वर, आणि मधलं ट्रॅम्पोलिन भिंतीसारखं उभं. त्या भिंतीला वारा लागतो आणि बोट पोहणाऱ्या माणसाच्या वेगापेक्षा जोरात वाहत जाते. म्हणून पाण्यात पडता पडता हातात एखादी दोरी धरून ठेवणं हा पहिला धडा. दुसरा: शिडावर पडलात तर हात-पाय न झाडता बाजूला व्हा, आणि काठीवर भार देऊ नका. काठीला पाण्यात दाबलं की बोट पूर्ण पालथी व्हायला वेळ लागत नाही. मग एकमेकांना हाक. सोबती ट्रॅम्पोलिनच्या मागे दोऱ्यांत गुंतलेला असू शकतो. ट्रॅपीझचा हुक तारेत अडकलेला असतो तो असाच.

मेनशीट आणि जिबशीट (जिब ओढायची दोरी) दोन्ही क्लीटमधून, म्हणजे दोरी पकडणाऱ्या खाचेतून, सोडून द्या, ट्रॅव्हलरही (मेनशीट आडवी सरकवणारी गाडी) मोकळा. हे केलं नाही तर उठल्या उठल्या शीड वारा भरून घेतं. बोट एकतर दुसऱ्या अंगावर पडते किंवा तुम्हाला मागे टाकून आग्वादच्या दिशेने चालू लागते.

मग नाळ वाऱ्याकडे. एकाने खालच्या हलवरून नाळेच्या टोकाकडे चालत जायचं. त्याच्या वजनाने नाळ बुडते, पाण्यात रुतल्यासारखी अडते, आणि उरलेली बोट वाऱ्याने तिच्याभोवती फिरते. अर्ध्या मिनिटात बोटीची दिशा बदलते. काठी वाऱ्याच्या बाजूला, साधारण तिरकी आली की उचलल्यावर वारा शिडाच्या खालून शिरून वर ढकलतो. काठी वाऱ्याच्या उलट बाजूला असताना उचलायला गेलात तर वारा वरच्या ट्रॅम्पोलिनला दाबून ठेवतो आणि तुम्ही नुसते लटकत राहता.

आता दोघं खालच्या हलवर, पुढच्या नळीच्या जवळ. राइटिंग लाइन, म्हणजे बोट सरळ करायची दोरी, वरच्या हलवरून अलीकडे घ्यायची, पाय हलवर घट्ट, पाठ ताठ, गुडघे जवळजवळ सरळ, आणि अंग जितकं पाण्याकडे झुकवता येईल तितकं झुकवायचं. वजनदार माणूस बाहेरच्या बाजूला. हाताने खेचण्याचा काही उपयोग नाही. काम वजन करतं. पहिली पंधरा-वीस सेकंद काहीच घडत नाही असं वाटेल, कारण मोठ्या शिडावर पाणी साचलेलं असतं. ते ओघळू द्यायचं. शेंडा पाण्याबाहेर आला की काठी हळूहळू आणि मग एकदम उठते. त्या क्षणी वरचा हल तुमच्या डोक्यावर येतोय. दोरी धरून खाली बसायचं आणि पुढच्या नळीखालची डॉल्फिन स्ट्रायकरची सळई पकडायची. ती पकडून ठेवली की बोट दुसरीकडे उलटतही नाही आणि पळतही नाही. बोटीवर चढायचं ते पुढच्या नळीवरून. मागून चढताना सुकाण्याची धार लागते.

१३५ किलोचा आकडा कुठून येतो ते सांगायला हवं, कारण या बोटीबद्दलचे निम्मे वाद तिथेच होतात. ढोबळ हिशेब असा: वीस किलोची काठी, तिचा गुरुत्वमध्य चार मीटरवर, म्हणजे ८० किलो-मीटरचा (किलो गुणिले मीटर) उलटा जोर. शेंडा पाण्याला टेकलेला असतो तेव्हा बोट बरोबर ९० अंशांवर नसून सात-आठ अंश पलीकडे कललेली असते, त्यामुळे हलचं वजनही तुमच्या विरुद्ध जातं. त्याचे आणखी वीसेक. ओलं शीड वेगळं. तुमच्या बाजूला काय? माणूस पूर्ण झुकला तरी त्याचा गुरुत्वमध्य हलपासून ९० सेंटीमीटर ते एक मीटरवर. १३५ किलोचे दोघं १२० च्या पुढे जातात, म्हणजे ओलं शीड धरूनही थोडं हातात राहतं. साठ-साठ किलोचे दोघं १०८ ला अडतात; वारा मदतीला आला तर जमेल, नाहीतर नाही. पंच्याहत्तर किलोचा एकटा माणूस ७० च्या आसपास. त्याने कितीही जिद्द दाखवली तरी गणित बदलत नाही.

हलक्या जोडीसाठी उपाय आहे तो पाण्याच्या पिशवीचा. जाड कापडाची, चाळीस-पन्नास लिटर मावणारी पिशवी पाण्यात बुडवून भरायची, राइटिंग लाइनला अडकवायची आणि तिच्यासकट मागे झुकायचं. पिशवी पाण्यात आहे तोवर तिचं वजन शून्य. पूर्णपणे पाण्याबाहेर लटकली तरच ती कामाला येते. ओल्या हाताने पन्नास लिटर वर घेणं मात्र सोपं नाही, त्यामुळे छोटी कप्पी सोबत हवी. हे सगळं आधी उथळ पाण्यात करून बघितलेलं बरं.

बोट पालथी झाली, म्हणजे काठी सरळ खाली, तर वेगळी पद्धत. दोघांनी एकाच हलच्या मागच्या टोकावर उभं राहायचं, राइटिंग लाइन दुसऱ्या हलवरून घेऊन मागे झुकायचं. मागचं टोक बुडतं, नाळ वर येते, आणि बोट हळूहळू एका अंगावर येते. पाच मिनिटंही लागू शकतात. त्यानंतर पुन्हा नाळ वाऱ्याकडे वगैरे सगळं पहिल्यापासून.

पालथी होण्याचं कारण बहुतेक वेळा काठीत शिरलेलं पाणी असतं. होबीची काठी आतून बंद आहे, तरंगावी म्हणून. रिव्हेटभोवतीचं सिलिकॉन सुकून फुटतं, शेंड्याचा बूच सैल होतो, फायबरच्या जोडावर चीर जाते, आणि काठी आतून भरायला लागते. पाणी भरलेली काठी उचलणं दोघांच्याही आवाक्याबाहेर. चाचणी फुकटची आहे: फेरफटक्यानंतर काठी उतरवून वर-खाली करा आणि कान लावा. खळखळ ऐकू आली तर त्या दिवशी बोट पुन्हा सोडायची नाही. जुनी बोट घेताना ही चाचणी आणि हलच्या वरच्या भागाची, विशेषतः पुढच्या नळीला हलवर धरणाऱ्या छोट्या खांबाच्या आसपासची, अंगठ्याने दाबून तपासणी, या दोन्ही विक्रेत्यासमोर करा. जिथे अंगठा आत जातो तिथे फायबरचे थर सुटलेत.

शेंड्यावर लावायचा तरंगता फुगा होबीकडूनच मिळतो. शर्यतीतले लोक नाक मुरडतात, कारण वर वजन आणि वाऱ्याला अडथळा. गोव्यात शिकण्यासाठी वापरायच्या बोटीवर तो हवाच. मांडवीच्या मुखाशी, आग्वादच्या वाळूच्या पट्ट्यावर किंवा झुआरीच्या कडेला पाणी आठ मीटरपेक्षा उथळ आहे. तिथे पालथी झालेली बोट काठीचा शेंडा चिखलात रोवते. अशा वेळी जोर लावून उपटायला गेलं की काठी वाकते. बोट फिरवून, शेंडा ज्या दिशेने आत गेला त्याच दिशेने हळू ओढून काढायचा. मदतीला आलेल्या मोटरबोटवाल्याला हे आधी समजावून सांगा. तो भल्या मनाने दोर बांधतो, पूर्ण वेगाने ओढतो, आणि काठीचा धनुष्य होतो.

जागेबद्दल दोन शब्द. मांडवीत फेरीबोटी, बार्जेस आणि कॅसिनोच्या बोटींची ये-जा, झुआरीच्या मुखात मुरगाव बंदराचा जहाजांचा मार्ग. तिथे उलटून दहा मिनिटं वाहणं परवडणारं नाही. दोना पावलाच्या हवाई बीचसमोरचा आखातासारखा भाग सरावाला त्यातल्या त्यात बरा. दक्षिणेकडे रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं, जाळं पाण्यात असेल तर त्याच्या वाऱ्याच्या बाजूला सराव करू नका. उलटलेली बोट थेट जाळ्यात जाते, आणि मग रापणकारांशी बोलायला तोंड उरत नाही.

आता सोबत येणाऱ्या सामानाचा दर्जा. राइटिंग लाइन बारीक असते आणि ओल्या हातात कापते. तिच्या जागी दहा ते बारा मिलिमीटर जाडीची, दर ४० सेंटीमीटरवर गाठ असलेली, चारेक मीटरची दोरी लावा. ती ट्रॅम्पोलिनखाली ताणून ठेवायची, इलॅस्टिकने, म्हणजे उलटल्यावर शोधत बसावं लागत नाही. सुकाण्याची कास्टिंग उत्तम, ट्रॅम्पोलिन टिकाऊ, पण त्याचा दोरा उन्हात आधी जातो. मोठ्या शिडाच्या हॅलियार्डचा वरचा हुक हा खरा डोकेदुखीचा भाग. वर अडकवताना दोरी काठीपासून पुढे ओढून सैल सोडावी लागते, काढताना काठीला चिकटवून. लाटांमध्ये शीड खाली येत नाही म्हणून गोंधळ होण्यापेक्षा वाळूवर दहा वेळा करून बघा. सुटे भाग बाहेरून मागवावे लागतात, तेव्हा क्लेविस पिना, रिंगा, एक श्राउड, बुडाची चकती आणि ड्रेनचे बूच यांचा एक डबा बोटीसोबत घ्याच.

एकटे असाल किंवा कुटुंबासाठी बोट बघत असाल तर याच कंपनीची वेव्ह घ्या. १३ फुटांची, प्लॅस्टिकच्या ओतीव हलची, सुमारे १११ किलोची. तिची काठी सहा मीटरच्या आसपास, एक धडधाकट माणूस ती चढवू शकतो आणि वजनदार माणूस बोट एकट्याने सरळ करू शकतो. नाळ फुगीर असल्यामुळे ती सहसा तोंडावर पडत नाही. होबी १६ चा वेग तिच्यात नाही, ट्रॅपीझला लटकण्याची मजाही नाही. पर्यटकांना फिरवण्याच्या धंद्यात आम्ही डोळे झाकून वेव्हच सुचवू. आठवड्याला तीन-चार दिवस दुपारच्या वाऱ्यात खेळणारी, एकमेकांना ओळखणारी जोडी असेल तर १६.

काठी उतरवण्याचं काम पावसाळ्यापूर्वी येतंच, कारण जून ते सप्टेंबर गोव्यात जलक्रीडा बंद असते आणि उभी काठी पहिल्या वादळात बोटीसकट उलटते. उतरवणं चढवण्यापेक्षा धोक्याचं आहे. आधी शिडं खाली. मग बिजागरीची कडी आणि पिन परत घालायची. हे राहिलं तर बूड खोबणीतून निसटून झटका मारतं. मग एकाने ट्रॅम्पोलिनवर काठी पुढे रेटून धरायची, दुसऱ्याने पुढच्या तारेला दोरी बांधून ती हातात घ्यायची आणि त्यानंतरच क्लेविस पिन काढायची. मिठाने धरलेली पिन हातोडीने ठोकत बसू नका. जिब हॅलियार्डने काठी पुढे ताणून तारेवरचा ताण काढला की पिन बोटाने निघते. काठी मागे येताना दोरीवरचा माणूस तिला पूर्ण खाली टेकेपर्यंत तोलत राहतो. नंतर तारा गोड्या पाण्याने धुवायच्या, दाबून बसवलेल्या टोकांवर जास्त पाणी, आणि काठी मध्ये झोक न येता तीन ठिकाणी टेकवून ठेवायची.